पर्जन्याचें गणित आणि डॉ. वसंत गोवारीकर

मृग नक्षत्र जवळ येऊं लागलें म्हणजे आमच्या देगलूरच्या मोंढ्यांत, बसस्थानकावर आणि घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो: यंदा पाऊस कसा आहे? कोणी पंचांग उघडून नक्षत्राचें वाहन पाहतो. कोणी कावळ्यानें घरटें झाडाच्या मध्यभागीं बांधलें आहे कीं शेंड्यावर, याचा शोध घेतो. आणि कोणी हवामान खात्यानें दिलेला टक्क्यांचा आंकडा वर्तमानपत्रांतून वाचून दाखवितो. ह्या तिसऱ्या प्रकारच्या आंकड्याची ज्यांनीं आपल्या देशांत सर्वत्र ओळख करून दिली, त्या डॉ. वसंत गोवारीकर यांच्या कार्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे. चरित्रकथन हा माझा मुख्य हेतु नाहीं. प्रयोगशाळेंत वाढलेला मनुष्य सरकारचा सल्लागार होतो, तेव्हां तो राज्यकर्त्यांना आणि पर्यायानें आपणांस नेमकें काय देतो, आणि तें आपण कसें घ्यावें, एवढाच प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या आधारें पाहावयाचा आहे.

गोवारीकरांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजीं पुण्यास झाला. बालपण कोल्हापुरांत गेलें. उच्च शिक्षणासाठीं ते इंग्लंडांत गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांतून त्यांनीं रासायनिक अभियांत्रिकींत डॉक्टरेट मिळविली. साखरेचा खडा स्थिर पाण्यांत सावकाश विरतो, आणि तेंच पाणी ढवळलें तर तो झपाट्यानें विरतो. घन पदार्थ आणि त्याच्या भोंवतीं वाहणारें पाणी किंवा हवा यांच्यामध्यें द्रव्याची व उष्णतेची अशी जी देवघेव चालते, तिचा हिशेब कसा मांडावा, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यांनीं व त्यांचे गुरु गार्नर यांनीं केलेली ही मांडणी दोघांच्या नांवानें ओळखली जाते. पुढें हारवेल येथील अणुशक्ति संशोधनकेंद्रांत आणि नंतर अग्निबाणांच्या इंधनावर काम करणाऱ्या एका संस्थेंत त्यांनीं अनुभव घेतला. पदार्थविज्ञान कोठें संपतें आणि रसायन कोठें सुरू होतें, हा भेद ज्या क्षेत्रांत उरत नाहीं, तें क्षेत्र त्यांनीं निवडलें होतें.

१९६७ सालीं डॉ. विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून ते स्वदेशीं परतले व केरळांतील थुंबा येथें रुजू झाले. थुंबा हें तिरुवनंतपुरमजवळचें कोळ्यांचें खेडें. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त त्या काळीं तेथून जवळच जात असल्यामुळें वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासासाठीं ती जागा निवडण्यांत आली होती. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं जो पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकेंत बनलेला होता. गांवांतील जुनें चर्च हीच कचेरी व कार्यशाळा होती, आणि यंत्राचे भाग सायकलीवरून नेले जात. अशा ठिकाणीं इंधनाचा प्रश्न हा सर्वांत कठीण प्रश्न होता. कारण जें इंधन उपग्रह उडवितें तेंच क्षेपणास्त्रही उडवितें, आणि म्हणून कोणतेंही राष्ट्र त्याची कृति दुसऱ्याच्या हातीं सहजासहजीं देत नाहीं.

हें इंधन म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. दिवाळींतील बाणाच्या दारूंत कोळसा व गंधक जळतात, आणि जळण्यास लागणारा प्राणवायु सोऱ्यांतून मिळतो. बाहेरच्या हवेची गरज पडत नाहीं. मोठ्या अग्निबाणाच्या घन इंधनांतही तत्त्व हेंच असतें. सोऱ्याच्या जागीं अमोनियम पर्क्लोरेट नांवाच्या क्षाराचे बारीक कण, त्यांत अॅल्युमिनियमची भुकटी, आणि ह्या दोहोंना धरून ठेवणारा रबरासारखा चिकट पदार्थ असें तें मिश्रण असतें. हा बांधणारा पदार्थ स्वतःही जळतो. मिश्रण दाट पिठासारखें कालवून साच्यांत ओततात आणि मंद उष्णतेवर घट्ट होऊं देतात. खरी परीक्षा पुढें असते. त्या घट्ट गोळ्यांत एखादी बारीक चीर राहिली, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकीं वाढतो, आंतील दाब अतोनात चढतो, आणि अग्निबाणाचा बॉम्ब होतो. म्हणून बांधणारा पदार्थ थंडींत न तडकणारा, उन्हांत न पाघळणारा आणि सांठवणींत न बिघडणारा असावा लागतो. केरळांतील ह्या केंद्रांत अशा पदार्थांवर जें काम झालें, त्यांत एरंडेलापासून केलेला एक पदार्थही होता. आमच्या शेतकऱ्यांच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाच्या तेलाचा उपयोग अग्निबाणाच्या पोटांत होऊं शकतो, ही गोष्ट रसायनशास्त्राची महती सांगण्यास पुरेशी आहे. रसायनें व द्रव्यें यांच्या विभागाचें नेतृत्व दीर्घ काळ गोवारीकरांकडे होतें.

१९७९ ते १९८५ ह्या काळांत ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. ह्याच काळांत भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक सिद्ध झाला. त्याची उंची सुमारें २२ मीटर, वजन १७ टन, आणि त्याचे चारही टप्पे घन इंधनावर चालणारे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोट्याहून झालेलें त्याचें पहिलें उड्डाण अयशस्वी ठरलें. प्रक्षेपक बंगालच्या उपसागरांत पडला. दोष शोधला, दुरुस्त केला, आणि १८ जुलै १९८० रोजीं ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेंत पोहोंचला. ह्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम होते. अग्निबाणाच्या कामाचें एक वैशिष्ट्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेथें शास्त्रज्ञाचें भाकीत कांहीं मिनिटांत आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत खरें किंवा खोटें ठरतें. सारवासारवीला तेथें जागा नसते. ही शिस्त घेऊन गोवारीकर १९८६ सालीं दिल्लीस गेले आणि केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्या वेळीं हवामान खातें ह्याच विभागाच्या अखत्यारींत होतें.

पावसाच्या भाकिताचा इतिहास येथें थोडा पाहिला पाहिजे. आपल्याकडे हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. पाठोपाठ दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला, आणि पाऊस आधीं सांगतां येईल काय, हा प्रश्न सरकारला टाळतां येईना. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड यांना असें दिसलें कीं, हिमालयावर बर्फ फार पडला तर पुढील पावसाळा उणा जातो. जमीन तापली कीं तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची ओलसर हवा तिची जागा घेण्यास धांवते. परंतु बर्फाचें आवरण सूर्याचा प्रकाश परतवितें आणि उरलेली उष्णता वितळण्यांत खर्च होते, म्हणून जमीन उशिरां तापते. ह्या विचारावर १८८६ पासून रीतसर भाकितें निघूं लागलीं. १९०४ ते १९२४ ह्या काळांत खात्याचे प्रमुख असलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनीं जगभरच्या नोंदी चाळून दाखविलें कीं, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला कीं हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही घडतें. हा जणूं दोन महासागरांमधला झोपाळा. त्याचा आपल्या पावसाशीं संबंध आहे. पुढें खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरांतील त्या इमारतीला पुणेकर शिमला ऑफिस म्हणूं लागले.

१९८७ सालीं देशांत सरासरीच्या सुमारें ८१ टक्केच पाऊस झाला. पिकें गेलीं, जनावरांचे हाल झाले. ह्या पार्श्वभूमीवर गोवारीकरांनीं हवामान खात्यांतील शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन नवी पद्धति बसविली, आणि १९८८ पासून ती वापरण्यांत आली. तिला सोळा घटकांचें प्रतिमान म्हणतात. एकाच चिन्हावर विसंबावयाचें नाहीं, हें तिचें तत्त्व. न्यायाधीश एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देत नाहीं, तसेंच हें.

सोळा साक्षीदार कोणते? कांहीं तपमानाचे: उत्तर भारताचें, मध्य भारताचें आणि पूर्व किनाऱ्याचें किमान तपमान, तसेंच सबंध उत्तर गोलार्धाचें तपमान. कांहीं हवेच्या दाबाचे: ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथील, हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय भागांतील, आणि दूरच्या अर्जेंटिनांतीलही. कांहीं वाऱ्यांचे, म्हणजे जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर वारे कोणत्या दिशेनें वाहतात याचे. कांहीं बर्फाचे: हिमालयावर आणि युरोप-आशियाच्या उत्तर भागांत किती आवरण पडलें आहे. आणि प्रशांत महासागराचें पाणी तापण्याची जी घटना एल निनो ह्या नांवानें आतां सर्वांच्या तोंडीं आहे, तीही त्यांत होती. हे सर्व आंकडे पावसाळ्यापूर्वीं हातीं येतात. त्यांपैकीं किती अनुकूल व किती प्रतिकूल हें मोजून पाऊस चांगला कीं उणा हें सांगावयाचें, आणि मग एका गणिती सूत्रानें त्याचें प्रमाण टक्क्यांत काढावयाचें, अशा ह्या दोन पायऱ्या. देशाची सरासरी त्या वेळीं सुमारें ८८ सेंटिमीटर धरीत. भाकिताबरोबर चार टक्के कमीअधिक अशी चुकीची मर्यादाही सांगितली जाई. म्हणजे १०० म्हटलें तर ९६ ते १०४ समजावयाचें.

पहिल्याच वर्षीं, १९८८ सालीं, पाऊस उत्तम झाला. सरासरीच्या सुमारें ११९ टक्के. त्यानंतर २००१ पर्यंत देशाचा एकंदर पाऊस सरासरीच्या आसपास राहिला, आणि पाऊस चांगला होईल हें भाकीत वर्षामागून वर्ष खरें ठरत गेलें. गोवारीकरांचें नांव त्यामुळें खेड्यापाड्यांत पोहोंचलें.

परंतु येथें एका शिक्षकाच्या चिकित्सक बुद्धीनें थोडें थांबावयास हवें. सलग चौदा वर्षें पाऊस बरा होत असेल, तर दरवर्षीं "पाऊस बरा होईल" एवढेंच म्हणणारा मनुष्यही चौदा वेळां खरा ठरतो. सूत्राची खरी कसोटी वाईट वर्षीं लागते. शिवाय साक्षीदारांची साक्ष कायम एकसारखी राहत नाहीं. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ होता, तरीही आपल्याकडे सुमारें १०२ टक्के पाऊस झाला. जुन्या वर्षांच्या नोंदींवरून बसविलेला संबंध निसर्ग पाळीलच, असा करार निसर्गानें कोणाशींही केलेला नाहीं.

ती कसोटी २००२ सालीं लागली. भाकीत १०१ टक्क्यांचें होतें. जुलै महिना जवळजवळ कोरडा गेला. त्या महिन्यांत नेहमीच्या निम्म्याइतकाच पाऊस पडला, आणि हंगामाच्या शेवटीं आंकडा ८१ टक्क्यांवर थांबला. चार टक्क्यांची मर्यादा सांगितलेली असतां वीस टक्क्यांची तूट आली. ज्यांनीं त्या आंकड्यावर भरंवसा ठेवून बी-बियाणें व खतें उधारीनें उचललीं असतील, त्यांच्या दृष्टीनें ही केवळ गणितांतील चूक नव्हती.

मग ह्या सर्व खटाटोपाचें मोल काय? माझ्या मतें मोल येथेंच आहे. भाकीत आधीं, उघडपणें आणि आंकड्यांत सांगितलें होतें, म्हणूनच तें किती चुकलें हें मोजतां आलें. मोजतां आलें म्हणून खात्याला उत्तर द्यावें लागलें, आणि २००३ पासून सोळा घटकांचें सूत्र बाजूस ठेवून कमी घटकांचीं नवीं सूत्रें आणावीं लागलीं. पुढें तींही बदललीं, आणि आतां वातावरण व महासागर यांचें एकत्रित गणित संगणकावर मांडून भाकितें केलीं जातात. नक्षत्राचें वाहन बेडूक असो कीं कोल्हा, त्या भाकिताचा हिशेब ऑक्टोबरमध्यें कोणी मागत नाहीं; म्हणून तें शेंकडों वर्षें जेथें होतें तेथेंच आहे. जें चुकूं शकतें आणि चुकलें हें दाखवितां येतें, तेंच सुधारूं शकतें. शास्त्रज्ञ राज्यकर्त्यांना जें देतो तें हेंच: मर्यादेसह सांगितलेला, पुढें तपासतां येईल असा अदमास.

आतां आपल्या बाजूचा प्रश्न. १०१ टक्के हा आंकडा कोणाचा? तो साऱ्या देशाच्या चार महिन्यांचा. त्यांत चेरापुंजीही आली आणि जैसलमेरही आलें. त्यावरून लेंडी व मांजरा नद्यांच्या कांठीं काय होईल, हें कळत नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें आपण पाहिलें आहे. उलट २०२५ सालीं देशांत सुमारें १०८ टक्के पाऊस झाला. आंकडा दिसावयास समाधानकारक. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टांत शेजारच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टीनें गांवें पाण्याखालीं गेलीं व माणसें दगावलीं. सरासरी हें राज्यकर्त्यांचें साधन आहे. धान्याचा सांठा, वीज, आयात यांची तजवीज त्यावरून करतां येते. पेरणीचा दिवस त्यावरून ठरवितां येत नाहीं.

ही उणीव गोवारीकरांच्या काळींही ओळखली गेली होती. १९८८ सालीं त्यांच्याच विभागानें मध्यम पल्ल्याच्या, म्हणजे पुढील कांहीं दिवसांच्या, भाकितांसाठीं दिल्लीस स्वतंत्र केंद्र उभारलें आणि त्यासाठीं अमेरिकेहून महासंगणक आणविला. आज त्या वाटेनें बरीच मजल झाली आहे. २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर हवामानाचा अंदाज देण्यास सुरुवात झाली, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटींत अंदाज सांगणारी प्रणाली २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झाली. तथापि परभणीचें कृषि विद्यापीठ जो साधा नियम सांगत आलें आहे, तो अजूनही मोलाचा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करूं नये. दुबार पेरणीचा खर्च ज्यानें सोसला आहे, त्याला ह्या नियमाची किंमत सांगावी लागत नाहीं. हा पाऊस मोजण्यासाठीं मोठें यंत्रही नको. सरळ बाजूंचें व सपाट बुडाचें भांडें झाडांपासून व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागीं ठेवावें, आणि सांठलेल्या पाण्याची खोली रोज ठराविक वेळीं पट्टीनें मोजावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारें चार हजार लिटर पाणी. मुलांनीं ही नोंद वहींत ठेवली, तर विज्ञानाचा याहून चांगला पाठ नाहीं.

१९९१ ते १९९३ ह्या काळांत गोवारीकर पंतप्रधान नरसिंह राव यांचे वैज्ञानिक सल्लागार होते. राव हे आमच्या शेजारच्या तेलंगणाचे, मराठी उत्तम जाणणारे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनीं तेलुगूंत नेली होती. ह्याच सुमारास गोवारीकरांनीं पावसाहून नाजूक विषयाला हात घातला: लोकसंख्या. त्या काळीं सर्वत्र लोकसंख्येच्या स्फोटाची भीति होती. १९९२ सालीं त्यांचें 'आय प्रेडिक्ट' हें पुस्तक आलें, आणि त्यांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, भारतांत जन्मांचें प्रमाण उतरणीला लागलें आहे व लोकसंख्या स्थिरतेकडे जाईल. शंभर कोटींचा आंकडा ओलांडला जाणार, हेंही त्यांना मान्य होतें. तो २००० सालीं ओलांडला गेला. जन्मांविषयीं मात्र त्यांची दिशा बरोबर निघाली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणींत एका स्त्रीमागें सरासरी ३.४ मुलें असें प्रमाण होतें. २०१९-२१ च्या पाहणींत तें २.० वर आलें. पावसाचें सूत्र मोडलें आणि माणसांचें टिकलें. दोहोंमागील रीति मात्र एकच होती: नोंदी गोळा करावयाच्या, त्यांतून कल काढावयाचा आणि तो नांवानिशीं छापावयाचा.

ते सचिव असतांनाच २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन ठरला आणि १९८७ सालीं तो प्रथम साजरा झाला. सर सी. व्ही. रामन यांनीं १९२८ सालीं आपला शोध ह्याच दिवशीं जाहीर केला होता. १९९५ ते १९९८ ह्या काळांत गोवारीकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरु होते. मराठी विज्ञान परिषदेचें अध्यक्षपदही त्यांनीं सांभाळलें. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, २००९ सालीं, सहकाऱ्यांसह त्यांनीं खतांचा इंग्रजी ज्ञानकोश प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें साडेचार हजार नोंदी आहेत. अग्निबाणापासून आरंभ करून ते शेतांतल्या मातीपर्यंत आले. २ जानेवारी २०१५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

श्रोतेहो, अशा माणसाचें स्मरण कसें करावें? मला वाटतें, यापुढें पावसाचा, पिकाचा किंवा रोगराईचा कोणताही अंदाज कानीं आला, तर आपण तीन प्रश्न विचारावे. हा आंकडा कोणत्या प्रदेशाचा आहे? तो किती दिवसांचा आहे? आणि त्यांत किती चुकीची मुभा ठेवली आहे? ज्या अंदाजापाशीं ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें असतील, तो चुकला तरी शास्त्रीय आहे आणि पुढच्या वर्षीं सुधारूं शकेल. ज्यापाशीं तीं नाहींत, तो खरा ठरला तरी योगायोगच समजावा. हे तीन प्रश्न आपल्या मुलांनाही शिकवावे, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.